बरं हाय म्हणत मेलास, गणपा

गणपा, चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो जुनाच, मिशीला काळा रंग मारलेला. खाली लिहिलंय, 'वेदनेलाही हरवणारा वाघ'. ते वाचून मी तिथंच थुंकलो. शेजारच्या पानवाल्याला वाटलं, म्हातारा पान खाऊन थुंकला. मी पान खात नाही हे तुला माहीत आहे.

वाघ म्हणे! वाघाच्या पायात काटा मोडला तर तो लंगडतो तरी. तू लंगडलासुद्धा नाहीस.

लोकांचं काय, माणूस मेला की त्याला देव करायची घाई. आपल्या कबनूरच्या गल्लीत जो तो सांगत सुटलाय, "गणपाआण्णा मरंस्तवर हूं म्हटला न्हाई." हे सांगताना सांगणाऱ्याचीच छाती फुगते. हूं न म्हणणं ही काय कमाई झाली? दवाखान्याच्या त्या वॉर्डात मी हूं म्हटलं. हूं काय, बोंबललो. म्हणून मी आज घरी बसून लिहितोय आणि तू खांबाला टांगलायस.

माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. दुसरीच्या पुढं मास्तरला मी झेपलो नाही. पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं तर तो गोड करून लिहील, 'कै.' लावील, 'प्रेमळ' म्हणेल. तू प्रेमळ नव्हतास. म्हणून मीच लिहितो.

कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात आधी मी गेलो होतो, हर्नियाच्या ऑपरेशनला. मनात म्हटलं, चार दिवस तरी तुझ्या तोंडापासून सुटका. तर तू मागोमाग आलास. आतड्याला पीळ पडला, तातडीनं पोट उघडावं लागलं, आणि जरा बरं वाटल्यावर पहिलं काय मागितलंस? "मला बापूच्या शेजारची खाट द्या." आयुष्यभर एका शेडमध्ये यंत्रमागांच्या खडखडाटात माझं डोकं खाल्लंस, ते पुरलं नव्हतं तुला.

पुरुषांच्या त्या वॉर्डावर सुजाता सिस्टर होत्या. बाई काही गरीब गाय नव्हती. आवाज असा, की तुझ्यामाझ्यासारख्या मागानं बहिऱ्या केलेल्या माणसांनाही दुसऱ्यांदा विचारावं लागत नव्हतं. तुला पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "आजोबा, किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात न्हाई, दहा म्हणजे सोसवत न्हाई. आकडा सांगा."

"शून्य," तू म्हणालास.

"एवढं पोट फाडलंय, टाक्यांची माळ हाय. शून्य दगडाला असतंय."

"मग दगड लिव्हा."

वॉर्ड हसला. तुला तेच पाहिजे होतं. मग तिनं मला विचारलं. मी सांगितलं, "आठ! आणि लघवी अडलीया, फुगा झालाय नुसता!" दाराबाहेरच्या लोकांनाही ऐकू गेलं असेल. तू तिकडून म्हणालास, "बापू, लेका, बायकापोरं हायत हितं. जरा मर्दासारखं." मर्दासारखं! तिनं माझ्या ओटीपोटावर हात ठेवला, बोटानं वाजवून बघितलं, पडदा ओढला, नळी घातली आणि मला स्वर्ग दिसला. मर्दासारखा गप्प पडलो असतो तर फुटलो असतो.

तुला वाटायचं, तू तिला फसवतोयस. मूर्खा, ती तुझं तोंड ऐकतच नव्हती. ती विचारायची तोंडाला आणि बघायची भलतीकडंच. एकदा तुला म्हणाली, "जीभ शून्य म्हणतीया, पण मुठीत चादर आवळून धरलीसा. कपाळाला आठ्या. श्वास वरच्यावर. ही काय शून्याची लक्षणं न्हाईत." आणि तुझ्या सलाइनमधून औषध सोडलं. मला म्हणालास, "बघ, मी मागितलं न्हाई. तिनंच दिलं." जसं काही तू जिंकलास.

आणखी एक गंमत मी बघितली होती, तुला सांगायची राहिली. ती मनगट धरून नाडी बघायची, आणि नाडी झाल्यावरही हात सोडायची नाही. मी विचारलं, एवढा वेळ काय धरून बसता? तर म्हणाली, "आता छाती किती येळा वरखाली हुती ते बघतीया. सांगून मोजलं की माणूस शाण्यासारखा श्वास घ्यायला लागतोय. म्हणून न सांगता." मी तिला म्हटलं, बाई, तुम्ही जॉबर आहात. तिला कळलं नाही. तुला कळलं असतं.

कारण तू जॉबर होतास. मागाचा डॉक्टर. शेडच्या दारात उभा राहून, शंभर माग एकदम खडखडत असताना, कुठला माग चुकीचा वाजतोय ते तू बोट करून दाखवायचास. हे मी तुझं कौतुक म्हणून लिहीत नाही. झालेली गोष्ट आहे म्हणून लिहितोय. आणि माझ्यासारख्या विणकराच्या मागाचा आवाज बदलला, तरी मी कामाची पाळी संपेपर्यंत तसाच रेटला, तर तू सगळ्यांसमोर माझी सालटी काढायचास. "आवाज आला तवाच का न्हाई सांगितलंस? कुणाला दाखवाय लपवून चालवलास?" मी म्हणायचो, "तू जॉबर, तुला ऐकू याय पायजे हुतं." तू म्हणायचास, "लपवणाऱ्याच्या मागाला जॉबर काय करणार?"

चूक लपवणाऱ्या विणकराची की न ऐकणाऱ्या जॉबरची, हे भांडण आपण तरुणपणापासून वाढवत आलो. शेड सुटली, कान गेले, दात गेले, भांडण राहिलं. ते तू अर्ध्यात टाकून गेलास. पळपुट्या.

ऑपरेशननंतर ती रोज तुला सांगायची, पडल्या पडल्या पाय हलवा. पंजा वर, पंजा खाली. तू म्हणालास, "मी काय हातमागावर बसलोय व्हय, पावड्या मारायला?" तिनं पायात घालायचे घट्ट मोजे दिले. ते तू उशीखाली कोंबलेस. का, तर बायकांचे दिसतात. तिनं तुला मराठीतच समजावलं होतं, "पडून राहिलं की पोटरीत रक्त साकळतंय. त्याची गाठ हुतीया. ती गाठ सुटून वर छातीत गेली तर मग कुणाच्या हातात काय ऱ्हात न्हाई. सुई देतोय आमी, पण सुई एकटी काय करंल?" तू भिंतीकडं तोंड केलंस. मलाही त्या गाठीचं तेव्हा फारसं पटलं नव्हतं. पण मी पाय हलवले. हट्टी मी तुझ्यापेक्षा रतीभर कमी नाही. फरक एवढाच, की माझा हट्ट घरी परत जायचा होता.

दंडाला धरून तिनं तुला चालवलंही, पहिल्या दोन दिवसांत. तू हात झटकलास. "सोड, मी काय नवरी हाय?" येणाऱ्याजाणाऱ्यांनी ते बघितलं. पुढं त्याचाच घोळ झाला.

मग ती सकाळ. तू माझ्याकडं बघून शेडमधली खूण केलीस. बाहेरच्यांना आपल्या खुणा कळत नाहीत. त्या खडखडाटात तोंडानं बोलून उपयोग नसतो, म्हणून विणकर हातानं बोलतात. दोन बोटं जुळवून टचकन लांब केली की धागा तुटला. तू तशी केलीस आणि डाव्या पोटरीकडं बोट दाखवलंस.

मी तोंडानंच विचारलं, "दुखतीया?"

तू ओठावर बोट ठेवलंस.

"सांग की तिला!"

तू पुन्हा बोट ठेवलंस, डोळे वटारलेस. म्हणजे तुला कळत होतं. काहीतरी तुटलंय हे कळत होतं, आणि ते सांगायला तू मला निवडलंस, जो काही करू शकत नाही. जिला करता येत होतं तिला नाही. एवढी अक्कल तू पगाराच्या दिवशी दारू ढोसूनसुद्धा गहाण टाकली नव्हतीस.

मी गप्प बसणारा नव्हे. मी ओरडलो, "सिस्टर! ह्याची पोटरी बघा! डावी!"

ती आली. तू म्हणालास, "त्यो बहिरा हाय. सपान पडलंय त्याला." तिनं ऐकलं नाही. पांघरूण बाजूला केलं, दोन्ही पोटऱ्यांना हाताची पाठ लावून बघितली, शिंप्यासारखी टेप काढून दोन्ही मापल्या. डावी फुगली होती. मला माझ्या खाटेवरून दिसत होती, तुकतुकीत.

"कधीपासून हाय हे?"

"कशाचं कधीपासून? मांस हाय त्ये. तालमीतलं."

तालमीचं दारसुद्धा तू कधी ओलांडलं नव्हतंस, गणपा. पोरी बघायला दाराशी उभा राहायचास तेवढंच.

तिचा चेहरा बदलला. आवाज मात्र खाली आला, आणि तेव्हा मला भीती वाटली, कारण ती बाई हळू कधी बोलायची नाही. म्हणाली, "आजोबा, आता नीट ऐका. खाटेवरनं उतरायचं न्हाई. पाय लोंबकळत सोडायचा न्हाई. रगडायचा तर अजिबात न्हाई. संडास-लघवीला भांडं देते, हाक मारा. मी डॉक्टरांना घेऊन येते, पायाची सोनोग्राफी करायची." तू मान हलवलीस. मी माझ्या कानानं ऐकलं आणि माझं कानांचं मशीन त्या दिवशी नवीन सेलवर होतं.

ती गेली आणि भेटायची वेळ झाली. संभा आला. तुझा पोरगा, वहिनींनी दिलेला डबा घेऊन. तो तुझ्या पायाशी उभा राहिला, आणि माझ्याकडं बघत, मुद्दाम माझ्याकडं बघत, तू त्याला म्हणालास, "संभा, जरा ही पोटरी रगड. आकडलीया."

मी खाटेवरून ओरडलो, "संभा, हात लावू नगंस! सिस्टर नगं म्हटल्यात!"

"ऐकू नगं त्याचं. त्याला सांगावं एक, ऐकतोय भलतंच."

आपल्याकडं बापानं पाय पुढं केला की पोरगं विचारत बसत नाही. घरात रोज तेच चालायचं. तू जेवून ओसरीवर पाय पसरायचास आणि संभा बाटली घेऊन बसायचा. त्यानं टेबलावरची तेलाची बाटली घेतली, मन लावून रगडलं. तू डोळे मिटून म्हणालास, "हां. आता बरं हाय." मग मला म्हणालास, "बघितलंस?" आणि भांड्यासाठी हाक मारायची सोडून, एका बाईसमोर भांडं नको म्हणून, स्वतःच उतरून संडासाकडं निघालास.

दारापर्यंतसुद्धा पोचला नाहीस.

छातीला हात लावलास. माझ्याकडं वळून बघितलंस. तेव्हा तुझ्या तोंडावर जे होतं त्याला किती आकडा द्यायचा, ते मी अजून ठरवू शकलो नाही. ओठ निळे झाले. सुजाता सिस्टर पळत आली ती चप्पल कुठं सोडून आली तिलाच माहीत. मास्क लावला, डॉक्टर आले, पडदा ओढला. पडद्याखालून मला तिचे अनवाणी पाय दिसत होते, तुझ्या छातीवर दाब देताना टाचा उचलल्या जायच्या. बराच वेळ. मग टाचा खाली टेकल्या.

बाहेर संभाला सांगितलं आणि तो जिन्यात ओरडायला लागला. "काल चांगलं बोलत हुतं! बरं हाय म्हणत हुतं! हिनंच चालवून चालवून मारलं!" पाहुणे जमले. सगळ्यांना ते चालवलेलं आठवत होतं. त्याच वेळी आत ती तुझं सगळं करत होती. अंग पुसलं, डोळे मिटले, हनुवटी बांधली. आणि गणपा, प्रत्येक गोष्ट करायच्या आधी ती तुला सांगत होती. "आजोबा, आता कूस बदलते हं." "पाय सरळ करते, आजोबा." जिवंतपणी हात लावायच्या आधी सांगायची सवय, मेल्यावरही तशीच. बाहेर तिच्या नावानं शिव्या चालल्या होत्या आणि आत ती डाव्या पोटरीला इतकं हलकं धरत होती, जसं ती अजून दुखेल. मी दुसरीकडं तोंड केलं. मला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही. हा माज माझाही आहे, पण त्यानं कुणी मरत नाही.

पाहुण्यांनी ठरवलं, रक्षाविसर्जन झालं की सगळ्यांनी मिळून दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांकडं जायचं, त्या बाईला घरी बसवल्याशिवाय उठायचं नाही. संभा मला म्हणाला, "काका, तुम्ही शेजारच्या खाटेवर हुता. तुम्हीच सांगायचं. चालवलं का न्हाई तिनं?"

मी म्हटलं, "सांगतो."

तो बोलत असताना सारखा पँटीला हात पुसत होता. तेल कधीच वाळलं होतं. तरी पुसत होता. मला कळलं, की त्यालाही कळलंय.

आता बघ, तू मला कुठं आणून सोडलंस. गप्प बसलो, तर तुझ्या माजाची भरपाई ती बाई करणार. बोललो, तर तुझ्या पोराला जन्मभर स्वतःच्या हातांकडं बघता येणार नाही. आणि तू राखेत निवांत. दोन दिवस मी तुला मनातल्या मनात असं काही बोललोय, की ते छापायला कुणी घेणार नाही.

तिसऱ्या दिवशी नदीच्या घाटावर रक्षाविसर्जन झालं. मला घरी सोडलं होतं; पोटाला पट्टा बांधून रिक्षातून गेलो. रिवाजाप्रमाणं भाषणं झाली. एक पुढारी तुला कधी भेटला नव्हता, तो सर्वात जास्त रडला. वाघ, सिंह, सह्याद्री, सगळं झालं. मग संभा म्हणाला, "आता बापूकाका बोलतील. त्यांनी शेवटचं बघितलंय."

मी उभा राहिलो. मी म्हटलं, "गणपा मूर्खासारखा मेला."

पुढाऱ्यानं रुमाल खाली घेतला.

"शेडमधले हितं कितीजण हायसा? हात वर करा. गणपा जॉबर काय म्हणायचा? आवाज आला की सांगायचं. लपवून चालवला तर चूक कुणाची?"

मागून कुणीतरी म्हणालं, "लपवणाऱ्याची."

"मोठ्यानं बोला, मला ऐकू येत न्हाई."

"लपवणाऱ्याची!"

"मग ऐका. त्याची पोटरी दुखत हुती. त्यानं मला खूण केली, सिस्टरला सांगितलं न्हाई. मी सांगितलं. तिनं बघितली, मापली, आणि म्हटली, उतरायचं न्हाई, रगडायचं न्हाई. तिनं आदी चालवलं ते गाठ हुऊ नये म्हणून. गाठ झाल्यावर तिनं उतरूसुद्धा दिलं न्हाई. ह्यानं मान हलवली आणि तिची पाठ वळल्यावर उतरला. कुणाला दवाखान्यात जायचं असंल तर जावा. मी बी येतो. पण मी तितं हेच सांगणार."

एक म्हातारा पाहुणा म्हणाला, "मेलेल्या माणसाला असं बोलत्यात व्हय?"

"जित्ता हुता तवाबी असंच बोलत हुतो. त्यानं कधी वाईट वाटून घेतलं न्हाई, तुमी का घेताय?"

रगडलं कुणी, ते मी सांगितलं नव्हतं. पण संभा पुढं आला. माझ्यापुढं उभा राहून दोन्ही हात पसरले, जसं शाळेत छडी खायला पसरतात. "काका, मी रगडली. तुमी नगं म्हणत हुता, मी रगडली."

मी त्याचे हात धरले आणि खाली केले. "तुला बापानं सांगितलं. बापाला सिस्टरनं सांगितलं हुतं. सांगितलेलं कुणाचं कुणी ऐकलं न्हाई, ते बघ. तुझं हात चांगलं हायत. तुझ्या बापाचं तोंड खराब हुतं."

वहिनी बायकांमध्ये बसल्या होत्या. पदर तोंडाला होता. त्या म्हणाल्या, "खरं हाय. लग्नापास्नं मला येकदाबी काय दुखतंय म्हणून सांगितलं न्हाई त्यांनी. मीच वळखायची." आणि मग रडल्या. तोवर त्या नीट रडल्या नव्हत्या.

दवाखान्यात कुणी गेलं नाही. फ्लेक्स मात्र तेवढा राहिला, कारण तो आधीच छापून झाला होता.

आपलं भांडण तू हरलास, गणपा; या वेळी लपवणारा तूच निघालास. अख्ख्या घाटानं तुझ्याच तोंडचा निकाल तुझ्यावर लावला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. इतकी वर्षं जिंकायचं होतं मला. तर घरी येऊन बसलो, चहा घेतला, आणि सवयीनं तुझ्यामाझ्या घरातल्या सामाईक भिंतीवर दोनदा थाप मारली. पलीकडून उत्तर आलं नाही. जिंकल्याचं सांगणार कुणाला? हे शेवटचं हलकटपण तुझं, की हरायला तू हजर राहिला नाहीस.

काल टाके काढायला गेलो होतो. सुजाता सिस्टर होती. घाटावरचं तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती जरा जास्तच खेकसली. "पट्टा किती सैल बांधलाय! आजोबा, किती दुखतंय? आकडा."

"सात," मी म्हणालो.

तिनं माझ्या मुठीकडं बघितलं. मूठ उघडी होती. कपाळाकडं बघितलं. "मला तर पाचच दिसत्यात."

"पाच माझं. दोन गणपाचं. त्याचं सांगायचं राहिलंतं."

तिनं पट्टा सोडला. चिमटा उचलला. मग म्हणाली, "आता जरा ओढल्यासारखं हुईल हं, आजोबा."

पहिला टाका ओढल्याबरोबर मी बोंबललो, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. खरं तर तेवढं दुखलं नव्हतं.